विल्हेल्म योहान्सेन

विल्हेल्म लुडविग योहान्सेन (३ फेब्रुवारी १८५७, कोपनहेगन – ११ नोव्हेंबर १९२७, कोपनहेगन) हे डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ आणि आनुवंशिकी या शास्त्राच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक होते. मातृवनस्पतीला लाभलेली जमीन, हवामान आणि पोषण यांचा परिणाम तिच्या संततीवर कितपत होतो, या जुन्या प्रश्नाला त्यांनी घेवड्याच्या बियांवरील प्रयोगांतून आकडेवारीचे उत्तर दिले. ‘जीन’ (मराठीत जनुक), ‘जीनोटाइप’ आणि ‘फेनोटाइप’ या संज्ञा त्यांनी रूढ केल्या.

प्रारंभिक जीवन

योहान्सेन यांचे वडील डॅनिश सैन्यात अधिकारी होते. घरची आर्थिक स्थिती विद्यापीठीय शिक्षणास अनुकूल नसल्याने १८७२ मध्ये विल्हेल्म औषधविक्रेत्याकडे उमेदवारी करू लागले. डेन्मार्क आणि जर्मनीत हे काम करीत असतानाच त्यांनी रसायनशास्त्र व वनस्पतिशास्त्राचा स्वतःच्या बळावर अभ्यास केला. १८७९ मध्ये ते औषधनिर्माणाची परीक्षा उत्तीर्ण झाले. पुढे विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविणाऱ्या या संशोधकाचा पाया असा औषधांच्या दुकानात घातला गेला.

कार्ल्सबर्ग प्रयोगशाळा आणि अध्यापन

१८८१ मध्ये योहान्सेन कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांचे साहाय्यक झाले. पदार्थांतील नायट्रोजन मोजण्याची केल्डाल यांची पद्धत अन्नधान्यातील प्रथिनांच्या तपासणीसाठी आजही वापरली जाते. तेथे काटेकोर मोजमापाची शिस्त योहान्सेन यांच्या अंगी बाणली. बिया, कंद आणि कळ्या पक्व होताना, सुप्तावस्थेत असताना व अंकुरताना त्यांच्यात कोणते बदल होतात, हा त्यांचा अभ्यासविषय होता. १८८७ मध्ये त्यांनी ही जागा सोडली आणि झ्युरिक, डार्मश्टाट व ट्युबिंगेन येथे काही काळ अध्ययन केले.

हिवाळ्यात सुप्त असलेल्या लायलॅकसारख्या झुडपांना ईथरच्या वाफेत ठेवल्यास त्यांना वेळेआधी फुले आणता येतात, हे त्यांनी दाखवून दिले. युरोपातील फूलबागायतदारांनी ही पद्धत उचलली. १८९२ मध्ये ते कोपनहेगनच्या पशुवैद्यक व कृषी महाविद्यालयात अध्यापक झाले आणि १९०३ मध्ये तेथेच प्राध्यापक झाले. १९०५ मध्ये कोपनहेगन विद्यापीठाने त्यांना वनस्पतिक्रियाविज्ञानाचे प्राध्यापकपद दिले आणि १९१७ मध्ये ते त्या विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

घेवड्यावरील प्रयोग

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अनेक शास्त्रज्ञांचा व शेतकऱ्यांचा समज असा होता की, पिढ्यानपिढ्या टपोरे बी निवडीत गेल्यास पीक हळूहळू टपोरेच होत जाईल. आयुष्यात मिळविलेले गुण संततीत उतरतात, या लामार्क यांच्या नावाशी जोडलेल्या मताचाही प्रभाव होता. सुपीक जमिनीत वाढलेल्या झाडाचा जोम त्याच्या वंशात मुरतो, असे मानणारे पुष्कळ होते.

हा समज तपासण्यासाठी योहान्सेन यांनी ‘प्रिन्सेस’ या वाणाचा घेवडा निवडला. घेवड्यात बहुतांशी स्वपरागण होते, म्हणजे एकाच फुलातील परागकणांनी बीजधारणा होते. त्यामुळे एका बीपासून सुरू झालेल्या वंशात बाहेरचे मिश्रण सहसा शिरत नाही. अशा वंशाला त्यांनी ‘शुद्ध वंशक्रम’ म्हटले. त्यांनी असे १९ वंशक्रम वेगळे केले आणि प्रत्येक पिढीतील बिया स्वतंत्रपणे तोलल्या. सर्वांत जड वंशक्रमाच्या बीचे सरासरी वजन सुमारे ६४ सेंटिग्रॅम, तर सर्वांत हलक्याचे सुमारे ३५ सेंटिग्रॅम भरले.

एकाच वंशक्रमातही बिया लहानमोठ्या असतात. शेंगेतील जागा, शेंगेतील दाण्यांची संख्या, जमिनीचा कस आणि हंगाम यांवर प्रत्येक दाण्याचे पोषण अवलंबून असते. योहान्सेन यांनी १९०२ ते १९०७ अशी सलग सहा वर्षे एकाच वंशक्रमातील हलक्या व जड बिया वेगवेगळ्या पेरल्या. पहिल्या क्रमांकाच्या वंशक्रमात १९०७ मध्ये निवडलेल्या हलक्या बियांचे सरासरी वजन ५६ आणि जड बियांचे ८१ सेंटिग्रॅम होते. त्यांच्या संततीचे सरासरी वजन मात्र अनुक्रमे ६९ व ६८ सेंटिग्रॅम आले. सहा पिढ्यांच्या निवडीनंतरही दोन्ही बाजूंच्या संततीत उल्लेखनीय फरक पडला नव्हता.

याच नोंदींत हंगामाचा परिणामही दिसतो. १९०४ मध्ये या वंशक्रमाच्या बियांचे सरासरी वजन ५५ ते ५७ सेंटिग्रॅमपर्यंत उतरले होते. पुढील वर्षी ते ६४ आणि १९०६ मध्ये ७३ ते ७४ सेंटिग्रॅम झाले. प्रतिकूल वर्षाने बी बारीक केले, पण त्या बारीक बीच्या पोटी आलेली पिढी अनुकूल हंगाम मिळताच पूर्ववत झाली.

मिश्र बियाण्यातून जड बी निवडल्यास संतती काही प्रमाणात जड निघते, हे योहान्सेन यांनी मान्य केले. त्या निवडीत जड वंशक्रम आपोआप वेगळे होतात, असे त्याचे स्पष्टीकरण त्यांनी दिले. वंशक्रम एकदा वेगळे झाले की निवडीला पुढे वाव उरत नाही. हे निष्कर्ष १९०३ मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध झाले. तो प्रबंध त्यांनी फ्रान्सिस गॅल्टन यांना अर्पण केला होता.

जनुक संज्ञेची निर्मिती

१९०५ मध्ये योहान्सेन यांनी आनुवंशिकतेवर डॅनिश भाषेत ग्रंथ लिहिला. त्याची विस्तारित जर्मन आवृत्ती १९०९ मध्ये निघाली आणि तिने युरोपभर पाठ्यपुस्तकाचे स्थान मिळविले. तिच्यात ‘जीन’ ही संज्ञा प्रथम आली. ह्यूगो द फ्रीस यांच्या ‘पॅनजीन’ या शब्दाचे ते संक्षिप्त रूप होते. सजीवाला वारशाने मिळालेली घडण म्हणजे जीनोटाइप आणि परिस्थितीच्या संयोगाने दिसणारे व्यक्तरूप म्हणजे फेनोटाइप, असा भेद त्यांनी केला. बीचे वजन हे व्यक्तरूप होय. त्यावरून घडणीचा अंदाज करता येतो, पण खात्री देता येत नाही.

जनुक हा गुणसूत्रावरील प्रत्यक्ष कण आहे, ही कल्पना पुढे प्रबळ झाली. योहान्सेन यांना ती घाईची वाटे. त्यांच्या दृष्टीने जनुक हे आनुवंशिकतेच्या हिशेबाचे एकक होते. संख्याशास्त्राच्या अंगाने आनुवंशिकतेचा अभ्यास करणाऱ्या इंग्रज संशोधकांनीही त्यांच्या निष्कर्षांवर टीका केली.

पुढील संशोधन

मातृवनस्पतीची परिस्थिती संततीला मुळीच स्पर्श करीत नाही, असा योहान्सेन यांच्या कार्याचा अर्थ नाही. बीचे कवच मातृवनस्पतीच्याच ऊतींपासून बनते आणि त्यातील अन्नसाठाही तीच पुरविते. बी भरताना असलेले तापमान व ओलावा यांमुळे बीची सुप्तावस्था, उगवणशक्ती आणि रोपाचा प्रारंभिक जोम बदलतो. या परिणामाला मातृप्रभाव म्हणतात व तो सामान्यतः एक-दोन पिढ्यांत ओसरतो. १९६२ मध्ये अ‍ॅलन डुरंट यांनी जवसाच्या एका वाणात खतांमुळे झालेले बदल अनेक पिढ्या टिकल्याचे प्रसिद्ध केले. अशी उदाहरणे मोजकी आहेत. डीएनएवरील रासायनिक खुणांच्या अभ्यासाने या विषयाला अलीकडे पुन्हा चालना मिळाली आहे.

हा प्रश्न प्रयोगशाळेपुरता राहिला नाही. सोव्हिएत संघात ट्रोफिम लायसेन्को यांनी परिस्थितीच्या संस्कारांनी पिकांची आनुवंशिकता बदलता येते, असा दावा केला आणि त्याला राजसत्तेचे बळ मिळाले. त्याला विरोध करणारे थोर वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाव्हिलोव यांचा १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात मृत्यू झाला. १९४८ मध्ये तेथे जनुकाधारित आनुवंशिकीवर बंदी आली.

महाराष्ट्रातील शेतीच्या संदर्भात

स्थानिक मिश्र वाणातून उत्तम झाडे वेगळी काढून त्यांचे वंश स्वतंत्रपणे वाढविण्याची पद्धत भारतातही रुजली. रब्बी ज्वारीचा ‘एम ३५-१’ हा वाण स्थानिक मालदांडीतून निवड करून सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे तयार झाला. ज्वारीत काही प्रमाणात परपरागण होत असल्याने असा वाण शुद्ध राखण्यास अधिक काळजी घ्यावी लागते.

मराठवाड्यात सोयाबीनचे घरचे बियाणे वापरताना योहान्सेन यांनी केलेला भेद उपयोगी पडतो. सोयाबीन स्वपरागित असल्याने वाणाचे गुण घरच्या बियाण्यातही टिकतात. मात्र काढणीच्या वेळी पावसात भिजलेल्या बियाण्याची उगवणशक्ती घटते. म्हणून पेरणीपूर्वी १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून किती उगवतात ते मोजण्याचा सल्ला दिला जातो. ७० किंवा अधिक दाणे उगवल्यास बियाणे पेरणीयोग्य मानतात. उगवण कमी आल्यास दोष वाणाचा नसून बी ज्या हंगामात तयार झाले त्या हंगामाचा, किंवा साठवणीचा, असू शकतो.

मृत्यू व वारसा

योहान्सेन यांचे ११ नोव्हेंबर १९२७ रोजी कोपनहेगन येथे निधन झाले. पीकसुधारणेत एकाच वाणाची वेगवेगळ्या ठिकाणी व अनेक हंगामांत चाचणी घेतली जाते. वाणाचा अंगभूत गुण आणि हंगामाची देणगी वेगळी ओळखण्याच्या या पद्धतीमागे योहान्सेन यांनी स्पष्ट केलेला भेद आहे.