खोगिरावरची बाई

मैत्रिणींनो, चाळिशी उलटली की कंबर धरते आणि आपण म्हणतो, आता काय उरलंय! बचत गटात हे ऐकलं की मला इझाबेला बर्ड आठवते.

१८३१ साली इंग्लंडात जन्मलेली ही बाई लहानपणापासून पाठीच्या दुखण्यानं बेजार. ऑपरेशन झालं, तरी दुखणं सुटलं नाही. पण १८७३ साली, बेचाळिशीत, ती अमेरिकेतल्या रॉकी पर्वतात बर्डी नावाच्या घोडीवरून एकटी शेकडो मैल फिरली. वाटा बर्फानं बुजलेल्या, पापण्या थंडीनं गोठलेल्या!

तेव्हा बायकांनी दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून बसायची रीत होती. त्यानं तिची पाठ फारच दुखायची. म्हणून ती सरळ पुरुषांसारखी दोन्हीकडे पाय टाकून बसू लागली. डेन्व्हर शहरात शिरताना मात्र लोकलाजेस्तव पुन्हा एका अंगानं! पुढे १८८९ साली, सत्तावन्नाव्या वर्षी, ती आपल्या लडाखातही घोड्यावरून फिरली.

माझीही कंबर दुखते हो. पण त्यातलं दुखणं किती आणि लोकांनी ठरवलेल्या बसण्याचा त्रास किती, हे आपण कधी तपासून बघतो का?