नाझऱ्याचे श्रीधरस्वामी : वाचलं ते वाटून टाकणारा कवी

शंभर वर्षांच्या या अंकात वीणा धरणाऱ्यांची, पताका खांद्यावर घेणाऱ्यांची, भर उन्हात पाण्याची घागर वाहणाऱ्या मायमाउलींची आठवण निघणारच. पण आषाढी करून वारकरी घरी परततो, तेव्हा पुढचे चार महिने त्याला धरून ठेवते ती पोथी. आपल्याकडे गावोगावच्या देवळांत चातुर्मासात हरिविजय, रामविजय नाहीतर पांडवप्रताप लावतात. घरातल्या बाया शिवलीलामृताचा अकरावा अध्याय वाचतात. हे चारही ग्रंथ एकाच माणसानं लिहिले आणि तो माणूस आपल्याच सोलापूर जिल्ह्यातला, सांगोला तालुक्यातल्या नाझऱ्याचा. त्यांचं नाव श्रीधरस्वामी.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांचा जन्म झाला. वडील ब्रह्मानंद, आई सावित्री. आपलं गाव पंढरीच्या नैऋत्येला चार योजनांवर आहे, असा पत्ता त्यांनी स्वतःच ग्रंथात देऊन ठेवला आहे. घराणं देशलेखकाचं, म्हणजे मुलखाचं दप्तर लिहिणारं. बोरू, दौत आणि कागद त्या घरात रोजचेच. पुढे वडिलांनी संन्यास घेतला आणि ते पंढरीला भीमेच्या काठी येऊन राहिले. तेच श्रीधरांचे गुरू झाले. कारकुनीची लेखणी बापानं खाली ठेवली. मुलानं लेखणी उचलली, पण ती देवाच्या कामाला लावली.

आज पोथी दुकानात मिळते. त्या काळी छापखाना नव्हता. एखादा ग्रंथ वाचायचा तर तो कोणाकडे आहे याचा शोध घ्यायचा, हातापाया पडून मागून आणायचा, सुट्या पानांची नक्कल करायची, दोन फळ्यांमध्ये ठेवून रुमालात बांधायची. वाळवी, पाऊस आणि धावपळीचा काळ, या सगळ्यांतून ती जपायची. अशा दिवसांत श्रीधरांनी किती वाचलं असेल, ते त्यांच्या ग्रंथांतूनच दिसतं. भागवत, हरिवंश, वाल्मीकींचं रामायण, हनुमन्नाटक, व्यासांचं महाभारत, स्कंदपुराण हे सगळं संस्कृतातलं. शिवाय आपल्या आधीच्या मराठी कवींचे ग्रंथही त्यांच्या वाचनात होते. रामकथा किती प्रकारांनी सांगितली गेली आहे, याची मोठी यादीच त्यांनी रामविजयात दिली आहे. आवड असल्याशिवाय एवढं कोण धुंडाळतं?

शके १६२४ म्हणजे इसवी सन १७०२ मध्ये पंढरपुरात हरिविजय पुरा झाला. त्याचे अध्याय ३६. पुढच्याच वर्षी ४० अध्यायांचा रामविजय झाला. १७१२ मध्ये ६४ अध्यायांचा पांडवप्रताप झाला. शके १६४० म्हणजे १७१८ मध्ये बारामतीला कऱ्हेच्या काठी शिवलीलामृताचे १४ अध्याय लिहून झाले. विठोबाच्या गावात राहणारा माणूस महादेवाचीही लीला तेवढ्याच गोडीनं गातो. हरिहरांत भेद धरू नये, हे त्यांनी हातानं करून दाखवलं.

आता एक गोष्ट पोथी ऐकणाऱ्या प्रत्येकानं ऐकली आहे, पण ध्यानात घेतलेली नाही. अध्याय संपताना श्रीधर दर वेळी सांगतात की, ही कथा अमुक ग्रंथाच्या आधारानं सांगितली. हरिविजयात हरिवंश आणि भागवत, रामविजयात वाल्मीकी आणि नाटक, शिवलीलामृतात स्कंदपुराणाचं ब्रह्मोत्तरखंड. कोणी म्हणतात, त्यांचं स्वतःचं असं काय? पांडवप्रतापात मुक्तेश्वरांच्या भारताची छाया आहे, हे अभ्यासकांनी दाखवलंही आहे. पण माउली, श्रीधरांनी नवं काही रचल्याचा आव कधी आणला नाही. आपण वाचलं, आपल्याला गोड लागलं, ते ज्याला वाचता येत नाही त्याच्या ताटात वाढायचं, एवढंच त्यांचं काम. वाढताना धान्य कुणाच्या शेतातलं, तेही ते सांगत गेले. ज्या बाईला पोथीवरचं एक अक्षर कळत नव्हतं, तिलाही स्कंदपुराणाचं नाव माहीत झालं ते असं.

माझी आजी निरक्षर होती. देवळात पोथी चालू असताना वाचणाऱ्याचा डोळा लागून एखादी ओवी गळाली, की खांबामागून तिचा आवाज यायचा, “मागं जा, एक राहिली.” वाचणारा पान उलटून बघायचा, तर राहिलेलीच असायची! तिनं पुस्तक कधी उघडलं नव्हतं, पण पुस्तक तिच्यात उतरलं होतं. पुढे गावच्या कितीतरी लेकीसुना अकरावा अध्याय आपला आपण वाचता यावा म्हणून अक्षराला अक्षर जोडायला शिकल्या. शाळेनं त्यांना विचारलं नव्हतं, पोथीनं विचारलं.

शके १६५१ मध्ये पंढरपुरातच श्रीधरस्वामींनी देह ठेवला. त्याला आता जवळजवळ तीनशे वर्षं होतील.

आणि आज? पोथी देव्हाऱ्यात आहे. तांबड्या रुमालात आहे, वर हळदकुंकू आहे, पण गाठ सुटत नाही. देवळात भोंगा लागतो, मोबाइलमधून अध्याय वाजतो आणि ऐकणारे आपापल्या कामात असतात. वाचणारा चुकला तर “मागं जा” म्हणणारं खांबामागं कोणी उरलेलं नाही. पोथीची पूजा करणं वाईट नाही. पण ज्यानं हातानं नकला करकरून वाचलं, त्याला नुसतं कुंकू पोचेल का?

म्हणून या शताब्दीला आपल्या दिंडीतल्या प्रत्येक घरानं एवढं करावं. आषाढीहून परत आल्यावर गाठ सोडावी. रोज एक अध्याय मोठ्यानं वाचावा. नातवानं वाचावा, आजीनं ऐकावा. पांडवप्रताप दोन महिन्यांत पुरा होईल आणि मग रामविजयाचे ४० अध्याय घेतले, तरी कार्तिकीच्या आत समाप्ती होते. कार्तिकीला पंढरीत भेटू, तेव्हा एकमेकांना विचारू, अध्याय कितवा झाला?

रामकृष्ण हरी!