सेरेंगेटीची गणती

पूर्व आफ्रिकेतील टांझानिया देशात सेरेंगेटी नावाचे विस्तीर्ण गवताळ मैदान आहे. पावसाळा सरून गवत वाळू लागले, की तेथील लक्षावधी प्राणी चाऱ्यापाण्याच्या शोधार्थ दूरवर निघतात. गुरांसारख्या तोंडवळ्याचे नू नावाचे कुरंग, पट्टेदार झेब्रे आणि चपळ हरणे यांच्या रांगाच रांगा क्षितिजापर्यंत चाललेल्या दिसतात. त्यांच्या मागावर सिंह व तरस असतात. या प्राण्यांचे जीवन साऱ्या जगाच्या दृष्टीस आणून देण्यासाठी एका पितापुत्रांनी आपले सर्वस्व वेचले. पित्याचे नाव बर्नहार्ड ग्झिमेक आणि पुत्राचे नाव मिखाएल.

बर्नहार्ड ग्झिमेक यांचा जन्म २४ एप्रिल १९०९ रोजी नायसे या गावी झाला. हे गाव तेव्हा जर्मनीत होते. आता ते पोलंडमध्ये आहे. लहानपणापासून त्यांना प्राण्यांची आवड होती, म्हणून ते पशुवैद्य झाले. १९४५ साली दुसरे महायुद्ध संपले, तेव्हा फ्रँकफुर्ट शहरातील प्राणिसंग्रहालय बाँबवर्षावाने उद्ध्वस्त झाले होते. मोजकेच प्राणी जिवंत उरले होते. अशा वेळी ग्झिमेक तेथील संचालक झाले. जेथे माणसांनाच पोटभर अन्न मिळेना, तेथे जनावरांची विचारपूस कोण करणार? तथापि ते डगमगले नाहीत. लोकांचे साह्य मिळवून त्यांनी ते संग्रहालय पुन्हा उभे केले.

पुढे प्राण्यांच्या अभ्यासासाठी ते आफ्रिकेत जाऊ लागले. तेथील रानावनांत माणसांची वस्ती वाढत होती आणि वन्य प्राण्यांना आसरा उरत नव्हता. हे पाहून त्यांचे मन व्यथित झाले. या विषयावर त्यांनी पुस्तक लिहिले आणि त्याच नावाचा चित्रपट मिखाएलच्या साह्याने १९५६ साली प्रसिद्ध केला. त्याच वर्षी जर्मन दूरचित्रवाणीवर त्यांची प्राणिजीवनाची मालिका सुरू झाली. ग्झिमेक मेजापाशी बसून शांतपणे बोलत आणि त्यांच्याजवळ एखादा जिवंत प्राणी खेळत असे. कधी एखादे खोडकर पिलू त्यांच्या अंगाखांद्यांवर चढे. परंतु त्यांच्या बोलण्यात खंड पडत नसे. मग पडद्यावर दूरदेशीच्या अरण्यांची दृश्ये उमटत. लहानथोर सारे ती तन्मयतेने पाहत.

चित्रपटापासून आलेला पैसा प्राण्यांच्याच कामी लावावा, असे पितापुत्रांनी ठरविले. त्या सुमारास टांझानियाचा मुख्य भाग तांगानिका या नावाने ओळखला जाई व तेथे इंग्रजांची सत्ता होती. सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाच्या सीमा बदलण्याचा सरकारचा विचार चालू होता. परंतु प्राण्यांचे कळप नेमके कोठून कोठे जातात, हे कोणासच नीट ठाऊक नव्हते. कळपांची वाट ठाऊक नसताना कुंपणाची रेघ कोठे ओढावी? प्रथम प्राणी मोजावे आणि त्यांचे मार्ग शोधावे, हेच खरे काम होते.

हे काम विमानावाचून होण्यासारखे नव्हते. म्हणून दोघेही विमान चालविण्यास शिकले. तेव्हा पित्याचे वय ४८ वर्षांचे होते. एका लहान विमानावर त्यांनी झेब्र्यासारखे काळेपांढरे पट्टे रंगविले आणि डिसेंबर १९५७ मध्ये ते जर्मनीहून आफ्रिकेस निघाले. सेरेंगेटीवर कमी उंचीवरून उडत, एकेक पट्टा तपासत, त्यांनी प्राण्यांची मोजदाद केली. ही संख्या ३,६६,९८० इतकी भरली. काही प्राण्यांस पकडून त्यांनी त्यांच्या गळ्यात रंगीत पट्टे बांधले आणि ते पुढे कोठे जातात यावर लक्ष ठेवले. कळप आपल्या आवडीच्या गवताच्या मागे जातात, हेही त्यांनी पडताळून पाहिले. या शोधातून एक गंभीर गोष्ट उघड झाली. कळपांचे मार्ग उद्यानाच्या नियोजित सीमेबाहेर जात होते!

काम संपत आले असता घाला पडला. १० जानेवारी १९५९ रोजी मिखाएल एकटाच विमानातून जात होता. आकाशात एक गिधाड विमानावर आदळले व विमान कोसळले. मिखाएलचा जागीच अंत झाला. तो अवघा २४ वर्षांचा होता. गोरोंगोरो नावाच्या प्रचंड ज्वालामुखी विवराच्या काठावर त्यास चिरविश्रांती देण्यात आली.

पित्याच्या दुःखास पारावार राहिला नाही. परंतु हाती घेतलेले काम अर्धवट सोडणे म्हणजे पुत्राचे श्रम मातीस मिळविणे होय, हे त्यांनी जाणले. त्यांनी सेरेंगेटीवरील चित्रपट व पुस्तक त्याच वर्षी पूर्ण केले. १९६० साली त्या चित्रपटास ऑस्कर पारितोषिक मिळाले. पुस्तकाची अनेक भाषांत भाषांतरे झाली.

सीमा बदलण्याचा निर्णय मात्र टळला नाही. १९५९ साली गोरोंगोरोचा प्रदेश उद्यानातून वेगळा काढण्यात आला. त्याच वेळी मासाई या गुरे पाळणाऱ्या लोकांनाही उद्यानातील आपली चराऊ राने सोडावी लागली. राष्ट्रीय उद्यानात मनुष्यवस्ती नसावी, असे ग्झिमेक यांचे मत होते. प्राण्यांचे रक्षण करताना तेथील माणसांचाही विचार झाला पाहिजे, असे आज अनेक जाणकार म्हणतात.

तथापि सेरेंगेटीकडे जगाचे लक्ष वेधले गेले ते कायमचेच. १९६१ साली तांगानिका स्वतंत्र झाल्यावर तेथील सरकारनेही हे उद्यान जपले. पुढे बुळकांडी रोगास आळा बसला आणि एकट्या नू कुरंगांची संख्याच दहा लाखांवर गेली. १९८१ साली सेरेंगेटीचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला.

ग्झिमेक यांची दूरचित्रवाणी मालिका तीस वर्षांहून अधिक काळ चालली. प्रेक्षकांना ते प्राण्यांच्या रक्षणासाठी मदतीचे आवाहन करीत आणि लोक मुक्तहस्ताने साह्य करीत. १३ मार्च १९८७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी गोरोंगोरोच्या काठावर मिखाएलच्या शेजारी ठेवण्यात आल्या. खालच्या मैदानात आजही नू आणि झेब्रे चरत असतात. पितापुत्रांच्या परिश्रमांचे याहून मोठे स्मारक कोणते असणार?