फ्रेडीची कुठली सीडी?

क्वीन ऐकायला सुरुवात कुठून करायची, हा प्रश्न हॉस्टेलवर दर वर्षी एखादा फर्स्ट इयरवाला विचारतोच. उत्तरही ठरलेलं : ग्रेटेस्ट हिट्स ऐक. पण मित्रांनो, क्वीनच्या ग्रेटेस्ट हिट्स एक नाही, तीन आहेत! पहिली १९८१ ची, दुसरी १९९१ ची, तिसरी १९९९ ची. सीडी घ्या नाहीतर मोबाईलवर ऐका, नावं तीच आणि गोंधळही तोच. बहुतेक जण डोळे झाकून पहिली उचलतात. माझं मत वेगळं आहे, पण ते पटवायचं तर आधी त्या माणसाची गोष्ट सांगायला हवी, ज्याच्या आवाजासाठी आपण हा सगळा खटाटोप करतो.

फ्रेडी मर्क्युरी हे काही त्याचं जन्माचं नाव नव्हे. खरं नाव फारुख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावर. आईवडील गुजरातकडचे पारशी, आडनावातच बलसाड, म्हणजे आजचं वलसाड. वडील तिथल्या ब्रिटिश सरकारी कचेरीत कॅशियर. मुलगा आठ वर्षांचा झाल्यावर त्यांनी त्याला शिकायला पाठवलं ते थेट आपल्या पाचगणीला, सेंट पीटर्समध्ये! पसरणीचा घाट चढून आपण जिथे स्ट्रॉबेरी खायला आणि टेबललँडवर घोडे पळवायला जातो, तिथे हा पोरगा पियानो शिकला. १९५८ साली, बाराव्या वर्षी, शाळेतल्या मित्रांबरोबर ‘हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. गंमत म्हणजे त्या बँडचा मुख्य गायक दुसराच होता, आपला हिरो पियानोवर.

फ्रेडी हे नावही शाळेतल्या मित्रांनीच पाडलं. आणखी एक नाव पाडलं होतं, ‘बकी’. वरचे दात पुढे आलेले, कारण तोंडात चार दात जास्तीचे. पुढे पैशाला तोटा नव्हता, पण त्याने ते दात कधी काढून घेतले नाहीत. त्याला वाटायचं, दात गेले तर आवाज बदलेल. फोटोत हसताना ओठ दातांवर ओढून घ्यायची सवय मात्र राहिली. हजारो लोकांसमोर छाती काढून उभा राहणारा माणूस, आणि दातांची लाज! आपल्यातल्या बऱ्याच जणांना हे कळेल.

शाळा संपवून तो झांझिबारला परतला आणि १९६४ मध्ये तिथे क्रांती झाली. कुटुंबाने घरदार सोडलं आणि इंग्लंड गाठलं. लंडनच्या कडेला फेल्टम नावाच्या उपनगरात लहानसं घर. फारुखने हीथ्रो विमानतळावर सामान उचलायचं काम केलं, ईलिंगच्या आर्ट कॉलेजातून १९६९ मध्ये ग्राफिक डिझाईनचा डिप्लोमा घेतला, आणि केन्सिंग्टन मार्केटमध्ये रॉजर टेलरबरोबर जुन्या कपड्यांचा स्टॉल टाकला. १९७० मध्ये क्वीन उभी राहिली, त्याच सुमारास बलसाराचा मर्क्युरी झाला. पाचगणीबद्दल, मुंबईत नातेवाइकांकडे काढलेल्या सुट्ट्यांबद्दल तो पुढे फारसा बोललाच नाही. त्याच्या हयातीत क्वीनचा एकही कार्यक्रम भारतात झाला नाही.

आता आपल्या ब्रँचवाल्यांसाठी खास. ब्रायन मे हा इंपीरियल कॉलेजचा फिजिक्सवाला. त्याने वडिलांच्या मदतीने जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडातून स्वतःची गिटार बनवली आणि अर्धवट राहिलेली पीएचडी २००७ मध्ये पूर्ण केली (बॅकलॉग असणाऱ्यांनी धीर धरावा). जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्सवाला, कचऱ्यात सापडलेल्या सर्किट बोर्डपासून त्याने अँप्लिफायर बनवला आणि तो क्वीनच्या रेकॉर्डवर वाजलाय! रॉजर आधी डेंटिस्ट्री, मग बायोलॉजी. आर्ट्सवाला एकटा फ्रेडी. पण बँडचं नाव त्याचं आणि सिंह, खेकडा, पऱ्यांचा तो लोगोही त्यानेच काढलेला. चौघांच्या राशी आहेत त्या.

तर आता पहिली सीडी. इंग्लंडच्या आवृत्तीत १७ गाणी आहेत, त्यातली १० एकट्या फ्रेडीने लिहिलेली. ब्रायनची पाच, डीकनची दोन, रॉजरचं एकही नाही. म्हणजे ही सीडी संगीतकार फ्रेडीची. सुरुवातच ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ने, १९७५ चं गाणं, लांबी पाच मिनिटं पंचावन्न सेकंद. एवढं लांब गाणं रेडिओवर कोण वाजवणार, असं लोक म्हणत होते. इंग्लंडमध्ये ते सलग नऊ आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं. आणि त्याचं रेकॉर्डिंग म्हणजे खरं इंजिनिअरिंग. टेपवर ट्रॅक फक्त २४, आणि मधल्या ऑपेराच्या भागात पाहिजे अख्खा गायकवर्ग. मग फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर तिघांनीच पुन्हा पुन्हा गायचं, ट्रॅक भरले की ते एकत्र करून कमी ट्रॅकवर उतरवायचे, मोकळ्या झालेल्या जागेत परत गायचं. कॉम्प्युटर नाही, अनडू नाही. टेप मशिनवर इतक्यांदा फिरली की तिच्यावरचा थर झिजून आरपार उजेड दिसायला लागला! आणि हे सगळं गाणं आधी एका आर्ट्सवाल्याच्या डोक्यात तयार होतं. भन्नाट!

एक सावधगिरी. १९८१ चीच अमेरिकन आवृत्ती घेऊ नका. त्यात गाणी १४ आणि ‘डोन्ट स्टॉप मी नाऊ’ नाहीच. म्हणजे बिर्याणी मागवावी आणि पुलाव यावा.

पहिली सीडी इंग्लंडमध्ये आजवर सर्वांत जास्त खपलेला अल्बम आहे, २०२२ मध्ये तिने तिथे ७० लाखांचा आकडा ओलांडला. चांगली आहे, वादच नाही. पण खरं सांगू? त्यातली अर्धी गाणी आपण न विकत घेता ऐकलेली असतात. क्रिकेटच्या मॅचला ऐकलेली असतात, गॅदरिंगला ऐकलेली असतात.

दुसरी सीडी वेगळी आहे. एकट्या फ्रेडीच्या नावावर इथे एकच गाणं, ‘इट्स अ हार्ड लाइफ’. बाकी रॉजरची, डीकनची, ब्रायनची, आणि १९८९ पासून चौघांनी सगळ्याच गाण्यांखाली बँडचं नाव टाकायचं ठरवलं. म्हणजे संगीतकार थोडा मागे सरकला आणि उरला आवाज. हा आवाज कुठल्या अवस्थेतला, ते बघा. जुलै १९८५ चा लाइव्ह एड, वेम्बलीवर वीस-एकवीस मिनिटांत अख्खं स्टेडियम खिशात. ऑगस्ट १९८६ मध्ये नेबवर्थला शेवटचा कार्यक्रम. १९८७ मध्ये एड्सचं निदान. (२०१८ च्या सिनेमात तो लाइव्ह एडच्या आधीच मित्रांना आजाराचं सांगतो. सिनेमा मलाही आवडला, पण ते खरं नाही.) त्या काळात एड्स म्हणजे मृत्यू, वर बदनामी. परिणामकारक औषधांची जोडगोळी १९९६ च्या सुमारास आली, याला पाच वर्षं उशीर झाला. त्याने जगापासून लपवलं आणि स्टुडिओत जात राहिला. दुसऱ्या सीडीतल्या १७ पैकी आठ गाणी निदानानंतर गायलेली आहेत! ‘आयॅम गोइंग स्लाइटली मॅड’च्या व्हिडिओत चेहऱ्यावर पांढरा रंगच रंग, डोक्यावर विग. वरवर थट्टा, आत हाडं झालेला माणूस.

ही सीडी २८ ऑक्टोबर १९९१ ला आली. २३ नोव्हेंबरला त्याने आजार जाहीर केला आणि २४ ला गेला. मध्ये फक्त २७ दिवस. वय ४५. मर्क्युरी म्हणून जगलेल्या या माणसाचे अंत्यविधी मात्र पारशी धर्मगुरूंनी केले.

तिसरीबद्दल थोडक्यात : त्यात मंडळी पाहुणी जास्त. ‘समबडी टू लव्ह’ जॉर्ज मायकेल गातोय. मोंतसेराट काबायेबरोबरचं ‘बार्सिलोना’ आणि ‘दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ह्ज’ ही दोन त्यातून घ्या, बाकी नंतर बघू. ‘मदर लव्ह’ तर तिन्हींत नाही. तो फ्रेडीने गायलेल्या अगदी शेवटच्या गाण्यांपैकी एक, शेवटचं कडवं ब्रायनला गावं लागलं, कारण फ्रेडी ते गायला परत आलाच नाही.

म्हणून पैसे एकाच सीडीपुरते असतील तर दुसरी घ्या. सोळावं गाणं ‘द शो मस्ट गो ऑन’. ब्रायनने ते बरंचसं लिहिलं, पण सूर इतके वर नेले की या अवस्थेत फ्रेडीला जमेल का, अशी त्यालाच शंका होती. ब्रायनने पुढे सांगितलंय की फ्रेडीला धड चालवतही नव्हतं. त्याने व्होडकाचा एक घोट घेतला आणि गाऊन टाकलं. यानंतर सीडीवर सतरावं, ‘वन व्हिजन’ नावाचं धडाकेबाज गाणं लागतं. १९८५ चं. ते तिथे का ठेवलं देव जाणे. सोळावं संपलं की बटण दाबा, सतरावं दुसऱ्या दिवशी ऐका.