हातभर लांब सुई

२०२१ साली उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत मोबाइलवर एक मेसेज फिरत होता: कोरोनाची लस घेतली की मूलबाळ होत नाही. कुणी धाडला, कोण जाणे. पण काही घरांनी लस घेणं लांबवलं. जवळपास हीच अफवा, मोबाइल नसताना, सव्वाशे वर्षांपूर्वी प्लेगच्या लसीबद्दल उठली होती. ती लस वाल्डेमार हाफकिन यांची.

हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसात, ज्यू कुटुंबात झाला. ते डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस केली आणि स्वतःला टोचून पाहिली.

ऑक्टोबर १८९६ मध्ये ते मुंबईत आले, तेव्हा प्लेगइतकीच भीतीही पसरली होती. राणीच्या पुतळ्याला कुणी डांबर फासलं, त्याचा सूड म्हणून इस्पितळात माणसं मारतात, अशी बोलवा होती. त्याच महिन्यात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. (घरातून रुग्ण जबरदस्तीने उचलून नेणाऱ्या सरकारवर लोकांनी विश्वास तरी का ठेवावा?)

ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्या प्रयोगशाळेत तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती आधी स्वतःलाच टोचली. ताप आला, अंग दुखलं. काम थांबलं नाही. मग भायखळा तुरुंगातले कैदी स्वेच्छेने पुढे आले. आगाखानांनी तर लोकांसमोर टोचून घेतलं.

तरी पंजाबात लोक म्हणत, सुई हातभर लांब असते, टोचलं की पुरुषत्व जातं. आणि ३० ऑक्टोबर १९०२ रोजी तिथल्या मुल्कोवाल गावी खरंच अघटित घडलं. १०७ जणांना लस टोचली, त्यातले १९ जण धनुर्वाताने दगावले. अफवेच्या हाती आयतं कोलीत मिळालं. हाफकिन निलंबित झाले. पण दगावलेल्या सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिली होती. ती उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता. एवढं सिद्ध व्हायला पाच वर्षं लागली. मलेरियाच्या संशोधनासाठी नोबेल मिळवणारे रोनाल्ड रॉस जाहीरपणे त्यांच्या बाजूने उभे राहिले, तेव्हा कुठे १९०७ मध्ये हाफकिन यांच्यावरचा ठपका पुसला गेला.

ते भारतात परतले, पण कोलकात्याला. परळच्या आपल्या प्रयोगशाळेत त्यांना पुन्हा जागा मिळाली नाही. १९२५ मध्ये तिला त्यांचं नाव दिलं गेलं. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे ते वारले.