पेशींची पूर्वसूचना वाचणारे संशोधक : डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ

गर्भाशयमुखाचा कर्करोग वेळीच ओळखण्यासाठी जगभर जी 'पॅप' चाचणी केली जाते, तिच्या नावात एका ग्रीक संशोधकाचे आडनाव दडलेले आहे. जॉर्ज पापानिकोलाऊ यांचा जन्म १३ मे १८८३ रोजी ग्रीसच्या एविया बेटावरील कीमी या गावी झाला. वडील निकोलस हे गावातील प्रतिष्ठित डॉक्टर. मुलाने आपलाच व्यवसाय पुढे चालवावा, अशी त्यांची इच्छा होती. जॉर्ज यांनी १९०४ मध्ये अथेन्स विद्यापीठातून वैद्यकाची पदवी घेतली खरी. परंतु रुग्ण तपासण्यापेक्षा जीवशास्त्रातील मूलभूत प्रश्नांचे आकर्षण त्यांना अधिक होते. ते जर्मनीला गेले आणि १९१० मध्ये म्युनिक येथे प्राणिशास्त्रात डॉक्टरेट मिळवून परतले. त्याच वर्षी आंद्रोमाखी मावरोयेनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मेरी या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या या पत्नीचा त्यांच्या कार्यातील वाटा फार मोठा आहे.

बाल्कन युद्धात लष्करी डॉक्टर म्हणून सेवा केल्यावर १९१३ मध्ये हे दांपत्य न्यूयॉर्कला पोहोचले. गाठीला पैसे थोडे, ओळखीपाळखी जवळजवळ नाहीत. दोन पदव्यांच्या या धन्याने दुकानात गालिचे विकले, हॉटेलात व्हायोलिन वाजवले. मेरी यांनी कपड्यांना गुंड्या शिवल्या. १९१४ मध्ये कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात चार्ल्स स्टॉकार्ड यांच्या हाताखाली त्यांना काम मिळाले. मेरीही त्याच प्रयोगशाळेत विनावेतन राबू लागल्या.

संशोधनासाठी गिनीपिगच्या माद्यांमधील बीजांड नेमक्या वेळी हाती लागणे आवश्यक होते. त्यासाठी अंदाजाने प्राणी मारणे त्यांना पटेना. नाक तपासण्याच्या लहानशा उपकरणाच्या साहाय्याने त्यांनी योनिमार्गातील स्राव काचपट्टीवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यातील पेशींचे रूप मादीच्या ऋतुचक्राबरोबर बदलत असल्याचे त्यांच्या ध्यानी आले. हे निष्कर्ष १९१७ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढचा प्रश्न स्वाभाविक होता : स्त्रीच्या शरीरातही असेच घडते काय? त्याचे उत्तर शोधण्यासाठी पहिला नमुना मेरी यांनी दिला, आणि नंतर अनेक वर्षे त्या तो नियमितपणे देत राहिल्या.

न्यूयॉर्कमधील रुग्ण स्त्रियांच्या काचपट्ट्या तपासताना एका नमुन्यात पापानिकोलाऊ यांना विकृत पेशी दिसल्या. त्या कर्करोगाच्या होत्या. शरीराला शस्त्र न लावता या रोगाचा माग काढता येतो, हे त्यांनी १९२८ मध्ये मिशिगनमधील बॅटल क्रीक येथील परिषदेत मांडले. त्याच सुमारास रुमानियाचे ऑरेल बाबेश हेही स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाला पोहोचले होते. परंतु रोगनिदानतज्ज्ञांनी या कल्पनेचे स्वागत केले नाही. ऊतीचा तुकडा काढून तपासण्याची रीत हाताशी असताना सुट्या पेशी कशाला पाहायच्या, असा त्यांचा आक्षेप होता. आजार अद्याप जाणवतही नाही अशा स्त्रीसाठी ही तपासणी किती मोलाची ठरेल, हे त्या वेळी कोणाच्या लक्षात आले नाही.

त्यानंतर दशकभर हा विषय मागे पडला. १९३९ पासून स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राउट यांच्या सहकार्याने पापानिकोलाऊ यांनी मोठ्या प्रमाणावर तपासण्या केल्या. १९४१ मध्ये त्यांचा शोधनिबंध आणि १९४३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. कर्करोग होण्यापूर्वी कित्येक वर्षे पेशींमध्ये बदल सुरू होतात आणि त्या अवस्थेत साध्या उपचाराने रोग टाळता येतो, हे हळूहळू सर्वमान्य झाले. जेथे या चाचणीच्या सुसंघटित मोहिमा राबवल्या गेल्या, त्या संपन्न देशांत या रोगाने होणारे मृत्यू वेगाने घटले. १९५० मध्ये पापानिकोलाऊ यांना लास्कर पुरस्कार मिळाला. नोबेल मात्र मिळाले नाही. १९६१ मध्ये ते मायामी येथील कर्करोग संस्थेची धुरा सांभाळण्यासाठी गेले आणि १९ फेब्रुवारी १९६२ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या चाचणीचा लाभ गरीब देशांतील स्त्रियांपर्यंत मात्र फारसा पोहोचला नाही. नमुना घेणे सोपे. पण त्यामागे प्रयोगशाळा हवी, प्रशिक्षित पेशीतज्ज्ञ हवा, अहवाल घेऊन त्या स्त्रीला पुन्हा गाठणारी व्यवस्था हवी आणि काही वर्षांनी हे सारे पुन्हा करायला हवे. ही साखळी एका ठिकाणी तुटली तरी आधीचे श्रम वाया जातात. महाराष्ट्रातील बार्शी आणि उस्मानाबाद परिसरात १९९९ पासून १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश असलेला एक मोठा अभ्यास झाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, या रोगास कारणीभूत असलेल्या एचपीव्ही विषाणूची चाचणी एकदाच केल्यानेही मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. एकदाच केलेल्या पॅप चाचणीने मात्र मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. मुंबईतील दुसऱ्या दीर्घ अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल लावून, म्हणजे व्हिनेगरसारख्या द्रावाने, गर्भाशयमुख ठरावीक काळाने तपासले. तेथे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

या निष्कर्षांनी पापानिकोलाऊ यांचे मोठेपण उणावत नाही. रोग उद्भवण्याआधी त्याला रोखण्यासाठी अनेक वर्षांचा अवधी मिळतो, हे त्यांच्या काचपट्ट्यांनी जगाला पटवून दिले. आज विषाणूची चाचणी, व्हिनेगरची तपासणी आणि मुलींसाठीची लस ही त्याच अवधीचा उपयोग करण्याची साधने आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०३० पर्यंत ९० टक्के मुलींना पंधराव्या वर्षापर्यंत लस, ७० टक्के स्त्रियांची पस्तिसाव्या व पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत तपासणी आणि दोष आढळलेल्यांपैकी ९० टक्के जणींना उपचार, असे उद्दिष्ट ठेवले आहे. २०२२ मध्ये या रोगाने जगात सुमारे साडेतीन लाख स्त्रिया दगावल्या. त्यांपैकी बहुतेक जणी अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होत्या. मेरी यांनी वर्षानुवर्षे दिलेल्या नमुन्यांतून आकाराला आलेले ज्ञान या स्त्रियांच्या गावापर्यंत नेण्याचे काम अजून बाकी आहे.