ग्रँट रोडचे ग्रँट : सर रॉबर्ट ग्रँट (1779–1838)



आपल्या देऊळगाव राजाहून एखाद्या रुग्णाला मोठ्या उपचारासाठी मुंबईला न्यायचे ठरले, की जे. जे. रुग्णालयाचे नाव निघतेच. जालन्याला रेल्वे पकडून तिथे पोहोचलेल्या माणसाला रुग्णालयाला लागूनच ग्रँट मेडिकल कॉलेज दिसते. पश्चिम रेल्वेवर ग्रँट रोड नावाचे स्टेशनही आहे. पण हे ग्रँट कोण, असा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. ते मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते, राजकारणी होते आणि प्रार्थनाशील ख्रिस्ती गृहस्थ होते.

रॉबर्ट ग्रँट यांचा जन्म 1779 साली बंगालमध्ये झाला. वडील चार्ल्स ग्रँट हे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होते. रॉबर्ट यांच्या जन्मापूर्वी, 1776 मध्ये, त्यांच्या दोन लहान मुली देवीच्या आजाराने काही दिवसांच्या अंतराने वारल्या. पैसा आणि ऐषाराम यांत रमलेला हा माणूस त्या दुःखाने हादरला व देवाकडे वळला. इंग्लंडला परतल्यावर हे कुटुंब लंडनजवळच्या क्लॅपहॅम येथे राहू लागले. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणारे विल्यम विल्बरफोर्स हे त्यांचे स्नेही. ही मंडळी इव्हँजेलिकल पंथाची होती. बायबलचे वाचन, मनःपरिवर्तन आणि शुभवर्तमानाचा प्रसार यांवर त्यांचा भर असे. अशा घरात रॉबर्ट वाढले.

केंब्रिज विद्यापीठात 1801 च्या गणिताच्या परीक्षेत ते तिसरे आले आणि त्यांचे थोरले भाऊ चार्ल्स चौथे. पहिले आले ते हेन्री मार्टिन. हेच मार्टिन पुढे भारतात आले आणि त्यांनी नव्या कराराचे उर्दू भाषांतर केले. एक सहाध्यायी प्रभूच्या मळ्यात गेला, रॉबर्ट वकिलीत आणि मग पार्लमेंटमध्ये गेले. पण दोघांची श्रद्धा एकाच मुशीतली होती.

त्या काळी कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको असत. लोक बिथरतील आणि व्यापार बुडेल, ही तिची भीती. गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी 1813 मध्ये मुंबईत आले, तेव्हा त्यांनाही परत जाण्याचा हुकूम झाला होता. वडील ग्रँट आणि विल्बरफोर्स यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, आणि त्याच वर्षीच्या सनदी कायद्याने मिशनरींसाठी दार किलकिले झाले. वीस वर्षांनी, 1833 चा कायदा झाला तेव्हा, भारताचा कारभार पाहणाऱ्या लंडनच्या मंडळाचे अध्यक्ष होते रॉबर्ट यांचे भाऊ चार्ल्स, आणि रॉबर्ट स्वतःही त्या मंडळावर काम करीत होते. या कायद्याने युरोपीय लोकांच्या भारतातील वास्तव्यावरील निर्बंध सैल झाले व मिशनरींचा मार्ग मोकळा झाला. त्याच कायद्यात आणखी एक कलम होते : धर्म, जन्मस्थान, वंश किंवा वर्ण यांमुळे कोणाही भारतीयाला सरकारी पदासाठी अपात्र ठरवू नये. पुढे ते फारसे पाळले गेले नाही, हे मात्र खरे.

रॉबर्ट यांची खरी ओळख पटते ती दुसऱ्या एका लढ्यात. 1829 मध्ये ब्रिटनमधील कॅथलिकांना पार्लमेंटमध्ये बसण्याचा हक्क मिळाला. यहुदी मात्र बाहेरच राहिले. लगेच 1830 मध्ये रॉबर्ट यांनी यहुद्यांना समान हक्क देणारे विधेयक मांडले. ते फेटाळले गेले. 1833 मध्ये त्यांनी ते पुन्हा आणले. कॉमन्स सभेत ते संमत झाले, पण लॉर्ड्स सभेने नाकारले. ज्यांनी येशूला मसीहा मानले नाही, त्यांच्या हक्कासाठी येशूचा हा भक्त पुन्हा पुन्हा उभा राहिला. यहुद्यांना कॉमन्सचे दार उघडले ते 1858 साली, ग्रँट यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी.

1835 मध्ये ते गव्हर्नर म्हणून मुंबईत आले. इथल्या तरुणांना इथेच वैद्यकीय शिक्षण मिळावे, असा त्यांनी ध्यास घेतला आणि डॉ. चार्ल्स मोरहेड यांच्या मदतीने योजना आखली. ती पूर्ण झालेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. 9 जुलै 1838 रोजी पुण्याजवळ दापोडी येथे त्यांचे निधन झाले. पुण्याच्या सेंट मेरी चर्चमध्ये त्यांना पुरले आहे. मुंबईकरांनी सभा भरवून त्यांच्या नावाने वैद्यकीय कॉलेज काढण्याचे ठरवले. सर जमशेटजी जिजीभाई यांनी रुग्णालयासाठी एक लाख रुपये दिले. 1845 मध्ये कॉलेज सुरू झाले आणि 1851 मध्ये तिथून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत डॉ. भाऊ दाजी लाड होते. ख्रिस्ती माणसाचे स्वप्न, पारशी माणसाचे दान आणि हिंदू विद्यार्थी असा तो संगम होता.

ग्रँट निर्दोष होते असे नाही. ते परकीय सत्तेचे अधिकारी होते. एडन बंदर ब्रिटिशांच्या ताब्यात यावे म्हणून त्यांनी जोर लावला होता. ते आपल्या कॅथलिक पंथाचेही नव्हते. तरीही स्तोत्र 104 वर आधारित त्यांचे इंग्रजी गीत आज कॅथलिक चर्चमध्येही गायले जाते. हेच स्तोत्र आपण पेंटेकॉस्टच्या मिस्सात प्रतिसाद स्तोत्र म्हणून म्हणतो.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये जाहीर केले की धर्मस्वातंत्र्य हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे. ग्रँट यांच्या आयुष्याचा धडा याच्या जवळचा आहे. आपण इथे मूठभर आहोत. आपल्याला प्रार्थनेचे, शुभवर्तमान सांगण्याचे स्वातंत्र्य हवे असते, आणि ते मागणे योग्यच आहे. पण शेजाऱ्याच्या हक्कावर गदा आली, तेव्हा आपण तोंड उघडतो का? मिशन रविवारी दानपेटीत पैसे टाकताना हा प्रश्नही मनाला विचारू या. आपल्या वागण्यात शेजाऱ्याला न्याय दिसला, तरच आपल्या तोंडची सुवार्ता त्याला खरी वाटेल.